अण्णा आणि एकरंगी कोंबड्या

बेंगळुरूच्या चामराजपेटेत आमच्या शेजारच्या गच्चीवर रोज सकाळी एक गृहस्थ काखेत कोंबडी आणि हातात चिंचेने लख्ख घासलेला तांब्या घेऊन उभे असायचे. तांब्या कोंबडीच्या पंखाला लावायचे, मान तिरकी करायचे आणि निकाल द्यायचे, "स्वल्प फिक्की!"

हे आमचे अण्णा. कारखान्याच्या रंगविभागातून निवृत्त झालेले, बायको गेल्यापासून एकटेच. मानेपासून शेपटीपर्यंत तांब्यासारखा एकच रंग असलेल्या कोंबड्यांचं घराणं तयार करायचं, हा त्यांचा ध्यास. म्हणून ते एकरंगी जोड्या निवडून त्यांचीच अंडी उबवायला ठेवायचे. पांढरं पीस दिसलं की कोंबडी नापास. मग तिची ओळखीच्या घरी पाठवणी व्हायची, लेक सासरी धाडावी तशी. "रंगात गेली हो, पण स्वभावाने गुणी आहे. कापायची नाही बरं का, सरी?" स्वतः अण्णा अंडंही खात नसत.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला माझे वडील गेले आणि मी आईला कराडजवळच्या गावाहून बेंगळुरूला आणलं. आम्ही दोघं नवराबायको दिवसभर ऑफिसात. आईला कानडी येईना. ती खिडकीशी बसून राहायची, दोन घास कसेबसे गिळायची आणि म्हणायची, "मला गावी नेऊन सोड." तिथे तरी कोण होतं?

एका रविवारी अण्णा दारात उभे. "अक्का, हल्ली माझ्या डोळ्यांना रंग नीट कळत नाहीत. निवड तुम्ही करून द्याल?"

आई नको नको म्हणत गेली. थोड्या वेळाने गच्चीवरून तिचा आवाज आला, "याला खुराडं म्हणतात होय? वारं कुठून येणार?" त्या दुपारी तिने पुन्हा भात मागून घेतला. मी ताटाकडे बघतच राहिले.

मग ती रोजच जाऊ लागली. पण एकरंगी प्रकार तिला मुळीच पसंत नव्हता. तिने बाजारातून एक ठिपक्याठिपक्यांचा कोंबडा आणवला आणि थेट कोंबड्यांत सोडला. "हा रुबाबदार आहे. हा राहील."

"सरी," अण्णा म्हणाले.

पुढची पिल्लं ठिपक्यांचीच निघाली. अण्णांची कैक वर्षांची मेहनत पाण्यात गेली. मी शरमून त्यांच्याकडे गेले. "अण्णा, चला, तुम्हाला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेते."

"डोळ्यांना काय धाड भरलीय?" ते म्हणाले. "इथून बसवरची कानडी पाटी वाचतो मी."

"मग तो कोंबडा कसा ठेवून घेतलात?"

अण्णा म्हणाले, "आमची ही सोलापूरची. लग्न होऊन इथे आली तेव्हा तिलाही कानडी येत नव्हती. मी दिवसभर कारखान्यात. ती कुणाशी बोलत असेल, हे मी तिला कधी विचारलंच नाही."

मी आभार मानायला तोंड उघडलं. तेवढ्यात गच्चीवरून आईची हाक आली, "अण्णा, कण्या भिजवल्यात! पिल्लांना कोण घालणार?"

"आलो, अक्का," म्हणत अण्णा लगबगीने जिना चढू लागले.