गेणूअण्णांचा मुका बाजार

गेणूअण्णांचा विषय निघाला की मी त्यांच्या गरम पाण्याचा किस्सा सांगतो. लोक हसतात आणि विषय तिथेच संपतो. त्यापुढचं सांगायचं मी कित्येक वर्षं टाळलं. आता अण्णा नाहीत, मीही फार दिवस टाळू शकेन असं वाटत नाही. म्हणून एकदा सगळंच सांगून टाकतो.

अण्णा राहुरीच्या आठवडे बाजारात तोंड न उघडता भाजी घ्यायचे. चकार शब्द नाही. आणि हा माणूस कोण? ज्यानं उभा जन्म मार्केट यार्डात कांद्याचे लिलाव पुकारले तो. त्यांचा आवाज असा, की एसटीची वाट बघत स्टँडवर बसलेल्या माणसालाही कांदा काय भावानं गेला ते कळावं. तो माणूस पिशवी घेऊन कौसाबाईच्या भाजीसमोर मुकाट उभा राहायचा.

कारण असं होतं. अण्णांचा मुलगा संतोष शांघायला नोकरीला. सूनही तिथंच कामाला, आणि नात ईरा तिथंच जन्मलेली. इकडे अण्णा एकटे. एक दिवस संतोष फोनवर म्हणाला, "अण्णा, तुम्ही आता इकडंच राहायला या, कायमचे." अण्णांनी फोन ठेवला आणि तयारीला लागले. मी शेजारी, त्यामुळे ती सगळी तयारी माझ्या डोळ्यांदेखत झाली.

"नाना, तिथं आपली मराठी कोन ऐकून घेनार? तोंड घरी ठिवूनच जायचं," ते मला म्हणाले. "भाव बोटात आसतो. तोंडात नसतो."

हे त्यांच्या वडिलांचं वाक्य. वडील घोडेगावच्या बाजारात जनावरांचे दलाल होते. तिथं बैलाचा भाव कुणी बोलून करत नसे. रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबून सौदा व्हायचा. अण्णांनी पहिल्याच दिवशी कौसाबाईपुढे तसंच उपरणं पसरलं आणि तिचा हात मागितला.

"अण्णा, हात आवरा," कौसाबाई म्हणाली. "घरी नातसुना हायेत माज्या. काय सांगू त्यांना?"

सगळी भाजीची रांग हसली. उपरणं पुन्हा खांद्यावर गेलं, पण बोटं थांबली नाहीत. गवारीवर हात ठेवून हनुवटी वर केली, की "काय भाव". नाकाशी बोट नेलं, की "शिळी आहे". फिरून मागे न बघता चालू लागले, की "महाग आहे". संतोषनं सांगितलं, तिकडं एकाच हातावर दहापर्यंत आकडे दाखवतात. मग अण्णांनी तेही उचललं. अंगठा आणि करंगळी ताठ, मधली बोटं मिटलेली, म्हणजे सहा. त्यांनी तसा हात दाखवून सहा लिंबं मागितली, तर कौसाबाई म्हणाली, "फोन कुनाला लावू?"

बाकीची तयारी घरी चालायची. तुरकाठीचे दोन तुकडे तासून अण्णा चिनी लोकांसारखे त्या काड्यांनी शेंगदाणे उचलायचे. ताटात कमी, अंगणात जास्त. आमच्या गल्लीतल्या कोंबड्या त्या काळात चांगल्याच पोसल्या. चिनी माणूस बारमाही गरम पाणी पितो असं कळल्यावर ऐन मे महिन्यात ते थर्मास घेऊन कॅनॉलवर फिरायला येऊ लागले. मी घामानं निथळतोय आणि हे शेजारी बसून वाफेवर फुंकर मारताहेत.

"अण्णा, चटका बसेल," मी म्हणायचो.

"बसू द्या. तिथं गेल्यावं लोकांनी हसाया नको."

या कॅनॉलवरच्या फिरण्यात भेटणारे अण्णा म्हणजे माझ्या दिवसातला एकुलता एक माणूस. बायको गेलेली, मुलं पुण्यात. विद्यापीठातली नोकरी संपल्यावर मला रोज हाक मारणारं अण्णांशिवाय कुणी उरलं नव्हतं. हे आधी सांगतो, कारण पुढचं त्याच्याशिवाय समजायचं नाही.

त्या दिवाळीत संतोष एकटाच आला. अण्णा दुपारचे झोपलेले बघून माझ्याकडे बसला.

"काका, खरं सांगा. अण्णांचं निभंल का तिकडं? आम्ही दोघं दिवसभर बाहेर. घर पार वरच्या मजल्यावर."

मी चहा ओतत होतो. ओतता ओतता म्हणालो, "निभायचं नाही. हा बोलणारा माणूस आहे. तिथं मुका होऊन मरेल. राहू दे इथंच, मी आहे ना."

संतोषनं कप पुढे ओढून घेतला. "मग त्यांना काय सांगू?"

"सांग, व्हिसाचं चाललंय."

हे शब्द माझे. त्याचे नव्हेत. तेव्हा मला अण्णांची काळजी वाटत होती की माझी, हे मी स्वतःला पुष्कळ वेळा विचारलं आहे. कधी हे उत्तर येतं, कधी ते. आजही नक्की सांगता येत नाही.

संतोष परत गेला आणि व्हिसाचं चालत राहिलं. अण्णा वाट बघत राहिले. "लई कडक सरकार हाय," ते कॅनॉलवर म्हणायचे. "म्हाताऱ्याला काय घाबरायचं? मी काय त्यांचा देश उचलून आननार हाय व्हय?" मग शिव्या सुरू. माझ्या वाटणीच्या शिव्या एका अख्ख्या देशानं खाल्ल्या आणि मी शेजारी बसून मान हलवत होतो.

तयारी मात्र मोडली नाही. एव्हाना बाजारच त्यांच्या बाजूनं झाला होता. अण्णा दिसले की कौसाबाई स्वतः गप्प व्हायची आणि हातानंच बोलायची. मीसुद्धा खुणा शिकलो. एकदा वैतागून मी म्हणालोच, "अण्णा, सोडा आता. काय होणार या मुक्या बाजारानं?"

"तुमाला न्हाई कळायचं," ते म्हणाले.

ते कळलं एका सकाळी. दूध द्यायला गेलो, तर अण्णा मोबाईल भिंतीला टेकवून पुढे बसले होते. पडद्यावर ईरा. दिवसभर चिनी बाईकडे वाढलेली, त्यामुळे तिला मराठी येत नव्हती, अण्णांना तिची चिनी येत नव्हती, आणि दोघं हसून बेजार झाली होती. अण्णा हातानं दाखवत होते, कोंबडी शेंगदाणा कशी पळवते. ती हनुवटी वर करून काहीतरी विचारत होती. तिनं डोक्यावर टोपी नीट केल्यासारखं केलं. ही तिची 'आजोबा' म्हणायची खूण. अण्णांनी उत्तरादाखल तळहातावर दोन बोटं चालवत चालवत मोबाईलपर्यंत नेली. मी येतोय.

फोन बंद झाल्यावर ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "बाजारात हात बसला म्हनून इतकं जमतं. न्हाईतर हिच्याशी काय बोललो आसतो मी?"

मी दुधाचं भांडं ठेवलं. सांगायचं तर तेव्हाच सांगायला हवं होतं. अण्णांनी थर्मास उघडला, मलाही पाणी दिलं. मी प्यालो. जीभ भाजली, हे निमित्त मला पुरलं.

पुढच्या उन्हाळ्यात अण्णा झोपेतच गेले. संतोष सगळ्यांना घेऊन आला. माझ्यासमोर आला तेव्हा आम्ही दोघांनीही खाली बघितलं. व्हिसा हा शब्द त्यानं काढला नाही, मीही काढला नाही.

बाजाराच्या दिवशी ईराला घेऊन मी बाहेर पडलो. घरात माणसं फार होती. कौसाबाईच्या भाजीसमोर पोरगी थांबली, लिंबांकडे बघितलं, आणि अंगठा-करंगळी ताठ केली. कौसाबाईनं काही न विचारता सहा लिंबं उचलून पिशवीत टाकली. पैसे घेतले नाहीत. पदर तोंडाला लावून पलीकडे बघत बसली.

परतताना ईरानं माझा सदरा ओढला. डोक्यावरची नसलेली टोपी नीट केली. मग तळहातावर दोन बोटं चालवत आणली, मध्येच थांबवली, आणि रिकामा हात माझ्यापुढे उघडून हनुवटी वर केली.

तिचा प्रश्न मला नीट कळला. पिशवी खाली ठेवून मी दोन्ही हात मोकळे केले. भाव विचारायची खूण मला येत होती. शिळं म्हणायची येत होती, महाग म्हणायचीही येत होती. चुकलो म्हणायची मी अण्णांना कधी विचारली नव्हती.