पूर्ण झालेल्या गाडीची अडचण

जगात तरुण माणसं आहेत, याची अधिकृत नोंद अपर हॅस्लबी गावच्या किट कार क्लबने आपल्या वार्षिक सभेत घेतली. ठराव एकमताने संमत झाला. सूचक सत्तरीचे होते, अनुमोदक त्यांच्याहून थोडे वडील.

नोंद घेण्याची वेळ गावच्या विश्वस्त मंडळाने आणली होती. क्लबचं दगडी कोठार नाममात्र भाड्याने मिळालेलं होतं आणि ही सवलत फक्त 'तरुणांना उपयोगी पडणाऱ्या संस्थांना' होती. पुढच्या पाहणीपर्यंत एकही तरुण सभासद दिसला नाही, तर कोठार योगवर्गाला जाणार होतं. ते लोक पूर्ण भाडं द्यायला तयार होते, शिवाय जमिनीवर तेल सांडत नव्हते.

सचिव हॉरेस पार्जिटर यांनी लगेच गाड्या मोजल्या. कोठारात सात गाड्या होत्या. म्हणजे गाड्या होऊ घातलेल्या सात वस्तू. किट कार कारखान्यातून सुटी येते: सांगाडा, फायबरचं अंग, पिशव्या भरभरून बोल्ट. इंजिन एखाद्या म्हाताऱ्या गाडीतून काढायचं आणि सगळं आपल्या हाताने जोडायचं. सातही सभासद वर्षानुवर्षं जोडत होते. पार्जिटरांची गाडी हिरव्या रंगाच्या योग्य छटेसाठी गेल्या शतकापासून थांबली होती. कोठार गेलं तर ती घरी न्यावी लागणार, आणि घरी मिसेस पार्जिटर होत्या. लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवशी नवऱ्याकडे त्यांनी एकच भेट मागितली होती: रिकामं गॅरेज.

तेव्हा युवा उपसमिती नेमण्यात आली. सर्वांत लहान सभासद एकोणसाठ वर्षांचा असल्याने युवकांचं प्रतिनिधित्व त्याच्याकडे गेलं. किट तरुणांना परवडत नाही, असा निष्कर्ष तीन बैठकांत निघाला. उपाय चौथ्या बैठकीत सापडला: क्लबनेच तरुणांना स्वस्तातलं किट मागवून द्यायचं. आधी किटमधून आसनं वगळली, मग दिवे, मग जोडणीचं पुस्तक. शेवटी चाकं काढल्यावर किंमत तरुणांच्या आवाक्यात आली. विमा गाडीपेक्षा महाग पडत होता. तो 'आयत्या वेळचे विषय' या सदरात ढकलण्यात आला. योजना आकर्षक व्हावी म्हणून पत्रकावर विजेचा लोळ छापला.

पत्रक वाचून एकच तरुणी आली. केझिया हॅडली, वय बावीस, हमरस्त्यावरच्या पार्सल गोदामात पहाटेच्या पाळीला.

"पहाटेची बस बंद झालीय," ती म्हणाली. "रोज टॅक्सी केली तर पगार टॅक्सीवाल्यालाच नेऊन द्यावा लागेल. परवडणारी जुनी गाडी चालवून पाहिली, ती रस्त्यातच बंद पडली. म्हटलं, आपणच बांधावी."

"म्हणजे तुला गाडी *चालवायचीय*?" अध्यक्ष डेनिस क्लटरबक यांनी विचारलं.

"मग? लोणचं घालू तिचं?"

सगळे हसले. पोरगी गमतीदार आहे, असं इतिवृत्तात लिहिलं गेलं.

केझियाने चाकं भंगारवाल्याकडून आणली. आसनं अपघातात सापडलेल्या गाडीतून काढली. जोडणीचं पुस्तक नव्हतं, तर फोनवर चित्रफिती बघितल्या. पाळी संपली की ती कोठारात यायची आणि काम करायची. ही पद्धत क्लबला नवी होती. क्लबमध्ये आल्यावर आधी किटली ठेवायची, मग बिस्किटांचा डबा उघडायचा, मग आपल्या गाडीभोवती हात मागे बांधून एक फेरी मारायची आणि 'हं' म्हणायचं, असा रिवाज होता.

"घाई नको, पोरी," तांत्रिक सल्लागार माल्कम ट्रँटर रोज बजावायचे. "सरकारी तपासणी म्हणजे पोरखेळ नाही. बाहेरची एकूणएक कड गोल लागते. मी दोन हिवाळे नुसता कडांचा अभ्यास केलाय."

"मग तुमच्या कडा झाल्या असतील की गोल."

"अभ्यास झालाय म्हटलं मी."

"आणि हॉरेस, तुमची कधी पूर्ण होणार?"

पार्जिटरांनी चहाचा कप खाली ठेवला. हा प्रश्न कोठारात आजवर कुणी विचारला नव्हता. घरी बायका विचारायच्या, पण तो प्रश्न नव्हे, टोमणा असायचा.

"पूर्ण म्हणजे," ते म्हणाले, "कशा अर्थाने?"

वसंत सरता सरता केझिया भाड्याच्या ट्रेलरवर गाडी घालून तपासणीला गेली. परत आली ती गाडी चालवत. पुढे-मागे नंबराची पाटी होती. अंग अर्धं निळं, अर्धं पांढरं, कारण दोन्ही रंग उरलेसुरले मिळाले होते.

"पास!" ती ओरडली. "एका कडेला रबर लाव म्हणाला तपासणीवाला, तिथंच लावलं. बाकी काही नाही!"

सगळे गाडीभोवती जमले. मग कुणीतरी टाळी वाजवली आणि इतरांकडे बघून थांबवली. माल्कम खाली वाकून अपुरं काही सापडतंय का ते शोधू लागले.

"या हॉरेस, बसा. गावातून एक चक्कर मारू," केझिया म्हणाली.

पार्जिटर बसले. तिने इंजिन सुरू केलं. खालचं सगळं थरथरलं. ती थरथर त्यांच्या मांड्यांतून छातीत चढली आणि आपण या नादाला का लागलो होतो, ते त्यांना क्षणभर स्वच्छ आठवलं. तेवढ्यात क्लबच्या घटनेतलं कलम चारही आठवलं. ते घाईघाईने उतरले.

सभासदत्व फक्त 'गाडी बांधत असलेल्या' व्यक्तीला मिळेल, असं कलम चार सांगत होतं. गाडी पूर्ण होताच सभासदत्व आपोआप संपत होतं. क्लबच्या आयुष्यात ते लावायची वेळ कधी आली नव्हती, त्यामुळे त्याचा कुणाला जाच झाला नव्हता. आता विश्वस्तांच्या पाहणीच्या तोंडावर क्लबची एकुलती एक तरुण सभासद बाद होत होती.

"कलम बदलू या," एकोणसाठ वर्षांचे युवक प्रतिनिधी म्हणाले.

"घटनादुरुस्तीला वार्षिक सभा लागते. पाहणी गुरुवारी आहे," पार्जिटर म्हणाले.

"मग गाडी बदलू या," अध्यक्ष शांतपणे म्हणाले.

केझियाला बोलावण्यात आलं. तिला खुर्ची दिली, चांगली बिस्किटं पुढे केली. क्लबला तिचा अभिमान असल्याचं अध्यक्षांनी सांगितलं आणि त्याच दमात, गाडी थोडीशी अपूर्ण करता येईल का, असं विचारलं.

"अपूर्ण?"

"एखादं चाक," माल्कम म्हणाले. "कुठलं, ते तू ठरव. आमचा आग्रह नाही."

"मी उद्या कामावर कशी जाऊ?"

"गुरुवारपर्यंतच गं," अध्यक्ष म्हणाले. "आणि पुढच्या वर्षीच्या पाहणीला परत. आणि त्याच्या पुढच्या."

"डेनिस, तुम्ही वीस वर्षं एक गाडी बांधताय आणि मला माझी मोडायला सांगताय?"

"मोडायला कोण म्हणतंय! वाव ठेवायला म्हणतोय."

केझियाने पार्जिटरांकडे पाहिलं. "हॉरेस, तुम्ही सांगा. तुमच्यासाठी ठेवू का चाक काढून?"

पार्जिटरांना नाही म्हणायचं होतं. शब्द ओठांपर्यंत आलाही होता. पण त्यांच्या डोळ्यांपुढे मिसेस पार्जिटरांचं झाडून पुसून लख्ख केलेलं गॅरेज उभं राहिलं. "समितीचं मत तेच माझं मत," ते म्हणाले.

"बरं झालं बोललात. उद्या लवकर उठायचंय मला." तिने दोन बिस्किटं खिशात टाकली आणि बाहेर गेली. निळी-पांढरी गाडी चर्चच्या वळणावरून दिसेनाशी झाली. आवाज बराच वेळ येत राहिला. सातही जण तो ऐकत उभे होते आणि एकमेकांच्या नजरा चुकवत होते.

गुरुवारी विश्वस्त मिसेस लॅथम आल्या. वय अठ्ठ्याहत्तर, हातात छत्री. त्यांनी सात गाड्यांवरून नजर फिरवली.

"आणि तुमचा तरुण सभासद?"

खरं बोलावं तर कोठार जातं, खोटं बोलायची पार्जिटरांना सवय नाही. म्हणून त्यांनी खरं तेच सांगितलं.

"होती एक मुलगी. आम्ही जागा दिली, मार्गदर्शन केलं, चहा पाजला. पण हल्लीच्या मुलांना धीर कुठला, मॅडम? वर्षभरसुद्धा टिकली नाही. गाडी पूर्ण केली आणि गेली निघून."

मिसेस लॅथम यांनी सावकाश मान हलवली. "माझा नातू असाच. माझ्याकडून विणकाम शिकायला बसला, स्वेटर झाला नि उठला. मी म्हटलं, अरे, जरा रमायला शीक!"

"पिढीच तशी," माल्कम म्हणाले.

"तुम्ही मात्र नेटाने बसून आहात," मिसेस लॅथम गहिवरून म्हणाल्या. असे लोक गावात राहिले पाहिजेत, असं त्यांनी मंडळाला कळवलं. तरुणांची वाट पाहता यावी म्हणून कोठाराची सवलत दहा वर्षांनी वाढवून मिळाली. योगवर्ग शाळेच्या व्हरांड्यात गेला.

पुढच्या वार्षिक सभेत कलम चार अखेर दुरुस्त झालं. सभासद होण्यासाठी आता गाडी असण्याचीही अट नाही. घरात काहीतरी अर्धवट पडलेलं असावं, ते अर्धवट का राहिलं याचं सबळ कारण तयार असावं आणि हल्लीच्या मुलांत चिकाटी नाही हे मनापासून पटलेलं असावं, एवढंच पुरे. अर्जाची गरज नाही. हे वाचताना मिसेस लॅथम यांच्याबरोबर ज्यांनी ज्यांनी मान हलवली, त्यांची नावं सचिवांनी घालून घेतली आहेत.