रावसाहेबांच्या नावाचा खिळा

दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या आदल्या वर्षीची गोष्ट. औंढ्याच्या धोंडाबाई पेंढा काढायला माळ्यावर चढल्या आणि शिडीसकट खाली आल्या. शिडीला काही झालं नाही. धोंडाबाईंचं मांडीचं हाड खुब्याजवळ मोडलं. त्यांच्या मुलानं, हौशीरामनं, भावकीतली माणसं जमवून त्यांना झोळीत घातलं आणि लोणावळ्याला आमच्या धर्मार्थ इस्पितळात आणलं. आमच्या म्हणालो, कारण मी तिथल्या व्यवस्थापक समितीचा सभासद होतो. आजार सोडून इस्पितळातली प्रत्येक गोष्ट समितीच्या अखत्यारीत येत असे.

डॉक्टर मुंबईहून नवी विद्या शिकून आले होते. त्यांनी धोंडाबाईंचा पाय वजनं बांधून ताणून ठेवला आणि समितीपुढे येऊन उभे राहिले.

"अशा म्हाताऱ्या माणसाला पूर्वी महिनोन्महिने निजवून ठेवत," ते म्हणाले. "पाठीला जखमा होत, छातीत कफ भरे, आणि हाड जुळायच्या आत माणूसच जाई. आता हाडात पोलादी खिळा ठोकला की माणूस उठून बसतं. खिळा आपल्या कपाटात आहे. उद्या सकाळी ठोकतो."

"उद्या कसा ठोकता?" आमचे चिटणीस सोपानराव म्हणाले. "त्याचं उद्घाटन कुठं झालंय?"

सोपानरावांचं रास्त होतं. तो खिळा रावसाहेब महिपतराव गराडे यांनी मातोश्रींच्या स्मरणार्थ दिला होता. रावसाहेब रेल्वेला खडी पुरवून मोठे झालेले, लोणावळ्यात त्यांचा बंगला. देणगीच्या वस्तूवर दात्याचं नाव घातल्याशिवाय आणि त्याच्या हस्ते उद्घाटन झाल्याशिवाय ती वापरायची नाही, असा समितीचा दंडक होता. आपल्याकडे लग्नात दिलेल्या साध्या तांब्यावरही देणाऱ्याचं नाव असतं, मग इस्पितळानं काय घोडं मारलंय? आमच्या बाकांवर नावं होती, घड्याळावर होतं, रुग्णांच्या शौचाच्या भांड्यांवरही होतं. त्या भांड्यांचं उद्घाटन तर हारतुरे घालून झालं होतं.

"अहो, खिळा हाडात जाणार," डॉक्टर म्हणाले. "नाव वाचणार कोण?"

"देव वाचेल," सोपानराव म्हणाले.

खिळा तांबटाकडे गेला. मजकूर ठरला: 'कै. मातोश्री गंगूबाई यांचे स्मरणार्थ रावसाहेब महिपतराव गराडे यांजकडून'. खिळा जेमतेम बोटभर. 'स्मरणार्थ'पाशी पोलाद संपलं. रावसाहेबांनी तो उलटसुलट करून पाहिला आणि चेहरा पाडला. "म्हणजे सगळं पुण्य आईलाच?" ते म्हणाले. तो खिळा त्यांनी दिवाणखान्यात ठेवायला बंगल्यावर नेला आणि मुंबईहून नवा, चांगला वीतभर लांबीचा मागवला.

इकडे धोंडाबाई छताकडे बघत पडून होत्या. हौशीराम रोज समितीच्या खोलीच्या दारात येऊन उभा राही.

"भाऊ, आये लय कण्हतीया. खिळा न्हाई का आला?"

"खिळ्याचं काही नाही रे," सोपानराव समजावत. "नाव लांब आहे."

नवा खिळा आला. अक्षरं सुरेख उठली होती, वेलांट्या तर बघत राहाव्यात अशा. डॉक्टरांनी तो धोंडाबाईंच्या क्ष-किरण फोटोवर धरून पाहिला आणि कपाळाला हात लावला. "हा मांडीतून निघून कमरेच्या हाडात घुसेल," ते म्हणाले.

समितीनं शांतपणे विचार केला. खिळ्यात दोष नव्हता, नावात तर नव्हताच. दोष धोंडाबाईंच्या उंचीत होता. तेव्हा मांडी मोडलेला एखादा उंच म्हातारा तालुक्यात मिळतो का, याची गावोगावच्या पोलीस पाटलांकडे विचारणा झाली. मळवलीहून नकार आला. परंदवडीच्या पाटलाचा निरोप आला की, गावात एक सहाफुटी म्हातारा आहे, तूर्त त्याची दोन्ही हाडं शाबूत आहेत, पण तो अजून आंब्यावर चढतो, तरी आशा ठेवावी.

ते ऐकून डॉक्टरांचा तोल सुटला. "तिच्या पाठीला जखम धरली आहे," ते टेबलावर हात आपटून म्हणाले. "आणखी थोडे दिवस अशी पडून राहिली, तर खिळ्याचं कामच उरणार नाही. मग नाव सरणावर घाला."

दारात हौशीराम उभा होता, त्यानं ते ऐकलं होतं. मलासुद्धा वाईट वाटलं. खोटं कशाला सांगू, पण ठराव मांडावा इतकं नाही.

अखेर रावसाहेबच उदार झाले. "खिळा कापा," ते म्हणाले. "पुढून कापा. आईनं जन्मभर माझ्यासाठी त्याग केला, आणखी एकदा करील."

त्याप्रमाणे मातोश्री कापल्या गेल्या. चिटणीस स्वतः तांबटाशेजारी बसून राहिले, कारण हात जरा चुकला असता तर 'स्मरणार्थ' रावसाहेबांना लागलं असतं. उरलेल्या खिळ्याला फीत बांधली, रावसाहेबांनी ती कापली, आणि मग डॉक्टरांना त्यांचं काम करायची मुभा मिळाली. त्यांनी ते केलं. दुसऱ्याच दिवशी धोंडाबाई उशीला टेकून बसल्या आणि भाकरी मागू लागल्या.

पुढे त्या काठी टेकत चालू लागल्यावर समितीनं कृतज्ञता समारंभ ठेवला. मंडप, पेढे, रावसाहेबांचं भाषण, सगळं यथासांग. शेवटी धोंडाबाईंना व्यासपीठावर चालवत आणलं. माणसं उभं राहून बघत होती.

"आजी, ज्यांचा खिळा त्यांचं नाव घेऊन आभार माना," सोपानराव म्हणाले.

धोंडाबाईंनी पदर पुढे ओढला. "त्ये नाव म्या घेत न्हाई."

"का बरं?"

"माज्या धन्याचं नाव बी त्येच व्हतं. उभा जलम डोईवर बसला, आन् मेल्यावर आता मांडीत घुसला."

मंडप हसला. रावसाहेब हसले नाहीत. सोपानरावांनी घाईघाईनं सावरून घेतलं, "बरं, मग आणखी कुणाचे मानायचे असतील तर माना."

"डागदराचं मानते की. त्येनं चालती केली मला." म्हातारीनं मंडपभर नजर फिरवली. "कुटं हायती? नाव काय त्येंचं?"

डॉक्टर वॉर्डात होते. त्यांची खुर्ची मांडायची राहून गेली होती. सोपानरावांनी माझ्याकडे पाहिलं, मी रावसाहेबांकडे पाहिलं, रावसाहेबांनी पेढ्यांकडे पाहिलं.

"डॉक्टर म्हणजे डॉक्टर," सोपानराव म्हणाले आणि पेढे वाटायची खूण केली.

वाचकहो, आमच्या समितीला खुशाल हसा. रावसाहेब महिपतराव गराडे हे नाव तुम्हाला एव्हाना पाठ झालं असेल. खिळा ठोकणाऱ्याचं नाव मी अजून सांगितलेलं नाही, आणि धोंडाबाई सोडल्या तर ते कुणी विचारलेलंही नाही.