अस्सल खवागा

ग्रीक माणसासारखी मोडकी अरबी बोलण्यात अख्ख्या अलेक्झांड्रियात आपला हात धरणारा कोणी नाही, असं महरूस छातीठोकपणे सांगायचा. त्यात फार काही नसतं म्हणे. ‘श’ आला की ‘स’ म्हणायचं, ‘ह’ आला की घसा खरवडून ‘ख’ काढायचा, पुरुषाची बाई करायची आणि बाईचा पुरुष. झाला खवागा तयार. गोऱ्या परदेशी माणसाला तिथे सगळे खवागाच म्हणतात.

ही विद्या त्याने हौसेने नाही, पोटासाठी कमावली होती. ट्राम थांब्याजवळच्या पंडेलीसच्या केकच्या दुकानात तो बावीस वर्षं भट्टीवर होता. दोन वर्षांपूर्वी म्हातारा पंडेलीस दुकान त्याच्या हवाली करून मुलीकडे अथेन्सला गेला. भट्टी तीच, लोणी तेच, हातही तेच. पण गिऱ्हाइकं म्हणू लागली, “चव गेली रे. खवागा नाही वाटतं?”

तिसऱ्या आठवड्यात फोन वाजला आणि महरूसच्या तोंडून आपोआप निघालं, “खॅलो? खो मॅडम, मीच पंडेलीस. सिळं काखी नाखी, केक एकदम ताजी आखे.” संध्याकाळपर्यंत चव परत आल्याची बातमी गल्लीभर झाली.

तेव्हापासून फोनवर पंडेलीस आणि गल्ल्यावर महरूस. कोणी विचारलंच तर खवागा आत भट्टीवर. सगळ्यात भक्त गिऱ्हाईक म्हणजे मॅडम इनायत. बाईंनी दुकानाची पायरी कधी चढली नव्हती; ऑर्डर फोनवर, न्यायला दारवान. त्यांच्याशी बोलताना महरूसला चेव यायचा आणि तो सरळ शब्दसुद्धा वाकडे करायचा.

मग बाईंच्या मुलीचं लग्न ठरलं. सात मजली केक, चारशे पाहुणे. अट एकच. “ठरवायला तू स्वतः घरी यायचंस. तुझं तोंड पाहिल्याशिवाय ऑर्डर पक्की नाही.”

महरूसचं धाबं दणाणलं. खवागा नाही हे एकदा फुटलं की सगळी गिऱ्हाइकं रुळांपलीकडच्या दुकानात जाणार आणि आपण भट्टी विकून घरी बसणार. पण नशीब बघा, त्याच आठवड्यात पंडेलीस आईच्या थडग्यावर फुलं वाहायला बोटीने आला. महरूसने त्याच्या गळ्यात पडून सगळं सांगून टाकलं, फोनवरचा नमुनाही ऐकवला.

“मी इतकं घाण बोलायचो?” पंडेलीसचा चेहरा पडला.

“नाही हो खवागा. धंद्यासाठी जरा फोडणी घातली.”

म्हाताऱ्याच्या ते जिव्हारी लागलं. पन्नास वर्षं रोज दाढी करताना आरशासमोर ‘ह’ घोटून त्याने जीभ सरळ केली होती. तरी बोटीत चढेपर्यंत लोकांनी त्याला खवागाच म्हटलं, आणि अथेन्सला शेजारी त्याला ‘तो इजिप्तवाला’ म्हणत. पण मदतीला तो तयार झाला.

दुसऱ्या दिवशी बाईंच्या दिवाणखान्यात महरूसला मागे ठेवून पांढऱ्या सुटातला पंडेलीस अदबीने म्हणाला, “आपल्या घरच्या शुभकार्याचा केक करायला मिळतो आहे, हा आमचा मान आहे. शेवटचा थर पिस्त्याचा करू का?”

बाई त्याच्याकडे बघतच राहिल्या. मग महरूसकडे वळल्या. “हा कोण?”

“खवागा पंडेलीस, मॅडम.”

“मला वेडी समजतोस? दोन वर्षं मी खवागाशी बोलते आहे. या माणसाचा ‘ह’ ऐकलास? ‘श’ ऐकलास? माझ्या दारवानापेक्षा चांगलं बोलतो. कुणाला सूट चढवून पकडून आणलंस? हा इथलाच आहे, कर्मूझच्या गल्लीतला.”

महरूस म्हाताऱ्याच्या कानाशी लागला. “खवागा, दोन वाक्यं बिघडवून बोला हो. ऑर्डर चालली.”

पण पंडेलीसचं लक्षच नव्हतं. त्याचे डोळे भरून आले होते. “मॅडम, मी कुठला म्हणालात?”

“कर्मूझचा. इथला. इथलं पाणी पिऊन वाढलेला.”

“परत एकदा म्हणा ना.”

बाईंनी दारवानाला बोलावण्यासाठी घंटेकडे हात नेला. आता संपलं, हे महरूसला दिसलं आणि त्याची जीभ त्याला न विचारता सुटली. “मॅडम, तू रागावू नको रे बाबा. मीच पंडेलीस आखे. खी माणूस माझी नोकर आखे.”

बाईंचा चेहरा उजळला. “अरे, हाच तो आवाज. मग आधीच का नाही सांगितलंस?”

“लाज वाटली, मॅडम. मी दिसायला खास नाखी.”

महरूसचा रंग भाजलेल्या कॉफीचा आणि मिशा थेट बापाच्या, नाईलकाठच्या. पण कानांची खात्री पटल्यावर बाईंनी डोळ्यांना विचारलं नाही. ऑर्डर पक्की झाली, पिस्त्याचा थरही मंजूर झाला.

“आणि केक घेऊन तूच यायचंस हं,” बाई दारापर्यंत येऊन म्हणाल्या. “ग्रीक कॉन्सल येणार आहेत. तुला त्यांच्याच टेबलावर बसवते. दोघं आपल्या भाषेत पोटभर बोला.”

जिना उतरताना महरूसने म्हाताऱ्याची बाही धरली.

“खवागा, ग्रीकमध्ये ‘कसे आहात’ला काय म्हणतात?”

पंडेलीसने सुटाचं बटण सोडलं आणि ऐटीत रस्त्याकडे बघितलं.

“मला काय विचारतोस भाऊ? मी कर्मूझचा.”