गुलाबी फॉर्म, पांढरा फॉर्म आणि खोब्रागडे काका

या मे महिन्यातल्या दुसऱ्या सोमवारी, भर दुपारी, छत्तीसगढातल्या रसमड्याच्या एका कारखान्याने सुनीता साहूला कामावरून काढलं. गुन्हा एवढाच, की पॅकिंगच्या शेडमधून उठून ती ऑफिसातल्या कूलरचं पाणी प्यायला गेली. तासाभरात मी आमच्या संघटनेच्या पत्रकाचा मथळा लिहून मोकळी झाले, 'खोटारड्या मालकाचा धिक्कार असो!' आणि तो घेऊन तडक कोहक्याला, खोब्रागडे काकांकडे गेले.

काका रेल्वेत रुळावरच्या गँगचे मुकादम होते. रिटायर झाल्यापासून कामगारांचा अभ्यास करणाऱ्या एका मंडळासाठी फॉर्म भरून आणतात. गुलाबी फॉर्म मालकाचा, पांढरा कामगाराचा. प्रश्न दोन्हीवर तेच. बाकीचे लोक गुलाबी गठ्ठा वेगळा देतात, पांढरा वेगळा. काका मात्र ज्या कारखान्याचा गुलाबी, त्याच कारखान्याचे पांढरे त्याला टाचल्याशिवाय जेवायला बसत नाहीत. कारखान्याचं नाव फुटू नये म्हणून प्रत्येकाला त्यांनी नागपूर लाइनवरच्या एकेका स्टेशनाचं नाव दिलंय. "डोंगरगडच्या पंख्याले पातंच नाही!" असं ते फोनवर ओरडतात, तेव्हा शेजाऱ्यांना वाटतं काका अजून ड्यूटीवरच आहेत.

"जोडी लाव, मंग बोल," हे त्यांचं पालुपद. भाजीवाल्यापासून पुतण्याच्या सासऱ्यापर्यंत सगळ्यांना ऐकवून झालंय. एकदा घरातही प्रयोग केला. गुलाबी फॉर्म स्वतः भरला, पांढरा काकूंना दिला. साप्ताहिक सुटी आहे का? काकांनी लिहिलं, 'आहे, रविवार.' काकूंनी लिहिलं, 'कोणाले?' तेव्हापासून रविवारी काका भाकऱ्या थापतात. काकू पेपर वाचता वाचता म्हणतात, "जळून राहिली तुमची सुटी, पलटवा!"

माझा मथळा वाचून काकांनी चष्मा कपाळावर चढवला.

"खोटारडा कावून वं?"

"गुलाबी फॉर्मवर लिहिलंय ना त्यानं, पिण्याचं पाणी आहे म्हणून!"

"आहेच ना. हे पाय." त्यांनी पांढरे फॉर्म उलटले. एका बाईने छत्तीसगढीत सांगितलेलं त्यांनी जसंच्या तसं उतरवलं होतं : 'पानी हे, फेर आफिस मा हे.' म्हणजे पाणी आहे, पण ऑफिसात. "दोघं बी खरं बोलून राहिले, पोरी. म्हणून तर जोडा लागते."

दुसऱ्या दिवशी आम्ही मॅनेजरकडे गेलो. मी तोंड उघडणार, तेवढ्यात काकांनी माझा पाय दाबला. "साहब, आपने पानी लिखा, सही लिखा. चलिए, जरा शेड में चलकर पीते हैं." शेडमध्ये पत्र्याखाली भट्टीसारखं तापलं होतं. काका बायांशेजारी खाली बसले. "अब पिलाइए." साहेब उन्हातून ऑफिसात गेले, ग्लास घेऊन आले, अर्धं पाणी शर्टावर सांडलेलं. "दूर तो है," म्हणाले. काकांनी गुलाबी फॉर्म पुढे केला. "बस, यही लिख दीजिए."

पांढरे फॉर्म काकांनी पिशवीतून बाहेरही काढले नाहीत. "दाखवले तर उद्या आणखी एक सुनीता," एवढंच पुटपुटले.

परत येताना मी खुशीत होते. गेटबाहेर झाडाखाली काकांनी गाडी थांबवायला लावली.

"माझ्या गँगमंदी तुळशीराम होता. असाच मे होता. रोजच्या रिपोर्टात 'पाणी आहे' मीच लिवलं होतं. होतंच ना, रेल्वे फाटकाच्या कोठीत. आमी तिथून दोन किलोमीटर पुढं. तो रुळावर बसला तो उठलाच नाही." मग पिशवीतले पांढरे फॉर्म चाचपत म्हणाले, "मी खोटं नव्हतं लिवलं, पोरी. त्याले फक्त इचारलं नव्हतं."

मी मथळा फाडला.

शेडमध्ये आता पाण्याचा कूलर लागलाय. सुनीता मात्र अजून घरीच आहे; मॅनेजर 'देखेंगे' म्हणतात. येत्या सोमवारी सकाळी, पाळी सुरू होण्याआधी, ती गेटवर जाणार आहे. काका येतील, मी येईन. तुम्हीही या. घोषणा नकोत. कोणी विचारलं, काय काम आहे, तर एवढंच सांगा : ती आत गेल्याशिवाय आम्ही हलणार नाही.