टोपलीभर पालेभाजी

शार्दूल नागपूरहून बंगळूरच्या मारतहळ्ळीला आला त्याला वर्ष होत आलं होतं. एवढ्या काळात त्याने दोन गोष्टी केल्या नव्हत्या, स्वयंपाक आणि ओळखी. बाहेरचं खाऊन पोट आणि पगार दोन्ही बिघडले, तेव्हा डॉक्टर म्हणाले, "पालेभाज्या खा. त्याहून स्वस्त औषध माझ्याकडे नाही."

संध्याकाळी तो कोपऱ्यावरच्या भाजीवालीसमोर उभा राहिला आणि त्याने शेपूच्या जुडीकडे बोट दाखवलं. ती आवरायच्या घाईत होती. अख्ख्या टोपलीवरून हात फिरवत तिने कानडीत काहीतरी लांबलचक विचारलं. शार्दूलला कानडीतला एकच शब्द बिनचूक येत होता, 'ठीक आहे' या अर्थाचा.

"सरी," तो म्हणाला.

बाईने चकित होऊन पुन्हा विचारलं.

"सरी, सरी!"

तिने उरलेली सगळी शेपू, मेथी, राजगिरा गोणीत कोंबून गोणी त्याच्या खांद्यावर चढवली. त्याचं आठवड्याचं जेवणाचं बजेट कनवटीला लावलं आणि तो भानावर यायच्या आत ती चालूही लागली.

खोलीतला फ्रिज गुडघ्याएवढा. दोन जुड्या कोंबल्यावर दार मिटेना. उद्यापर्यंत सगळं सडणार! त्यापेक्षा शेजारी वाटावं म्हणून त्याने गोणी उचलली.

पहिल्या दारातला मुलगा म्हणाला, "भैया, हमने ऑर्डर नहीं किया." दुसरं दार उघडलंच नाही. आतून आवाज आला, "गार्ड के पास रख दो!" तिसऱ्या दारातल्या बाईंनी हसून मेथीची जुडी घेतली. मग तिथेच थांबून विचारलं, "साथ में धनिया फ्री नहीं है?"

शार्दूल जिन्यावर बसला. वर्षभरात शेजाऱ्यांशी त्याचं झालेलं हे सगळ्यात मोठं संभाषण होतं.

"आता एवढी शेपू कोणाले खाऊ घालू, बाप्पा?" तो गोणीलाच म्हणाला.

मागचं दार उघडलं. "मराठी हाईस व्हय रे? मग जिन्यात काय बसलास? ये की आत!"

चंद्राबाई बेळगावकडच्या. मुलगा-सून दिवसभर इलेक्ट्रॉनिक सिटीत कामाला, घरात त्या आणि टीव्ही. त्यांनी वर्तमानपत्र पसरलं, गोणी उपडी केली आणि दोघं भाजी निवडायला बसली. चंद्राबाई बहिणीच्या लग्नात पळून गेलेल्या वाजंत्र्यांची गोष्ट सांगत होत्या. शार्दूल खो खो हसला. आपलं हसणं त्याला अनोळखीच वाटलं. मग आईला रोज फोनवर 'जेवलो' म्हणून थाप मारतो, हेही तो सांगून बसला.

"अरं, कवळं देठ टाकू नकोस," एवढंच त्या म्हणाल्या.

निवडलेल्या भाजीचा ढीग झाला.

"काकू, अर्धी तुम्ही ठेवा."

"मला नको बाबा. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू हाईत. डॉक्टरनं पालेभाजी बंद केलीया."

"मग दादा-वहिनींना?"

"त्यांस्नी शेपूचा वाससुद्धा चालत नाही."

शार्दूल ढिगाकडे बघतच राहिला. "मग एवढा वेळ निवडत कशाला बसलात?"

चंद्राबाईंनी पदराला हात पुसले.

"उद्या गवारी आण," त्या म्हणाल्या. "गवारीला जास्त वेळ लागतोय."