घर क्रमांक एक्केचाळीससमोरची म्हैस

सन २००४ मध्ये कोल्हापुरातील दगडी बोळाला वारसा दर्जा मिळाला. बोळाचे मूळ स्वरूप कायम राहावे म्हणून समितीने प्रत्येक घराचा फोटो काढून नोंद केली. घर क्रमांक एक्केचाळीस: सागवानी दार, दगडी उंबरा, दारालगत बांधलेली म्हैस. समितीचे पाचही सदस्य चार किलोमीटरवरच्या नव्या कॉलनीत राहत असल्याने निर्णय संपूर्ण निःपक्षपाती होता.

त्याच महिन्यात एक्केचाळीसमधल्या आकारामची आई, विठाबाई, खुब्याचे हाड मोडून दवाखान्यातून घरी आली. डॉक्टरांनी कमोड सांगितला. सार्वजनिक संडास बोळाच्या टोकाला, शंभर पावलांवर. आणि घराला मोकळी जागा एकच, म्हशीची. आकारामने म्हैस विकायची परवानगी मागितली.

"म्हैस हलवता येणार नाही," समितीचे सचिव म्हणाले. "तिची नोंद आहे."

"मग आईचं काय करू?"

"त्यांची नोंद नाही. त्यांना हलवायला आमची हरकत नाही."

आकाराम तापला. "नोंद न्हाय कशी? फोटोत म्हशीच्या मागं मिशेरी लावत बसलीया, ती कोण हाय? नीट बघा की वो!"

सचिवांनी भिंग मागवले. अर्धा चेहरा आणि दातावरचे एक बोट स्पष्ट दिसत होते. चूक तत्काळ दुरुस्त झाली. म्हैस श्रेणी एकमध्ये होती. विठाबाईंना श्रेणी दोन मिळाली. आता पेठ वडगावला लेकीकडे कमोड असूनही त्यांना बोळ सोडता येईना.

"म्हशीच्या खाली का हुईना, नाव लागलं," विठाबाई पाहणीला आलेल्या सचिवांना म्हणाल्या. "पर पावणं, मी जाऊ कुठं?"

प्रश्न रास्त होता. समितीने सार्वजनिक संडासाची कागदपत्रे तपासली. तो १९७२ चा निघाला. बोळाच्या स्वरूपाशी विसंगत म्हणून आठवड्यात पाडला.

त्या जागी काळ्या दगडाचे देखणे स्वच्छतागृह उभे राहिले. दोन कमोड, धरायला दांडी, चोवीस तास पाणी. पाटी: 'फक्त पर्यटकांसाठी.' आकाराम आईला पाठीवर घेऊन पोचला. रखवालदाराने यादी पाहिली.

"आजी नोंदीत हाईत. त्यास्नी माघारी न्हे लवकर, आकाराम. बघायला माणसं आल्यात."

त्या माणसांत आपणही होतात. "आजी, जरा हसा की," म्हणून आपण विठाबाईंचा फोटो काढलात. अभिप्रायाच्या वहीत लिहिलेत, 'हे सगळे असेच राहिले पाहिजे.' आणि घर लांब आहे म्हणून निघण्याआधी त्या स्वच्छतागृहात जाऊन आलात.